अस्थिचित्रणाचा इतिहास आणि मराठवाड्याचे पाणी

आपल्या कर्मसिद्धांतात नामकर्माच्या प्रकृतींमध्ये 'संहनन' नावाची एक प्रकृती सांगितलेली आहे. संहनन म्हणजे अस्थींची बांधणी. तिचे सहा भेद पाठशाळेत गेलेल्या बहुतेकांना मुखोद्गत असतात : वज्रऋषभनाराच, वज्रनाराच (काही परंपरांत ऋषभनाराच), नाराच, अर्धनाराच, कीलक आणि असंप्राप्तसृपाटिका, म्हणजेच सेवार्त. टीकाकारांनी ही नावे उलगडून सांगताना सांध्याचे चित्रच डोळ्यांपुढे उभे केले आहे. दोन अस्थी दोन्ही बाजूंनी एकमेकींत अडकलेल्या असाव्यात, त्यांवर एक वेष्टन असावे आणि त्या सर्वांतून आरपार एक खिळा गेलेला असावा, असे पहिले संहनन. तर शेवटच्यात अस्थींची टोके केवळ एकमेकींना टेकलेली आणि स्नायूंच्या आधाराने कशीबशी धरून ठेवलेली. पंचम काळातील मनुष्याच्या वाट्याला दुर्बळ संहननेच आलेली आहेत, असे शास्त्र सांगते. गुडघेदुखीने त्रस्त असलेल्या आपल्या ज्येष्ठ मंडळींना ते वेगळे पटवून देण्याची गरज नसावी.

काही उत्साही वक्ते यावरून प्राचीनांना क्ष-किरणांची विद्या अवगत होती, असे सांगू लागतात. तसे म्हणण्याचे काही कारण नाही. आचार्यांचा विषय कर्मविपाक हा होता, शारीरशास्त्र नव्हे. मात्र देहाचे बळ अस्थींच्या जाडीपेक्षा त्या परस्परांशी कशा जोडल्या आहेत यावर अवलंबून असते, हे निरीक्षण त्या वर्गीकरणाच्या मुळाशी आहे आणि आजच्या अस्थितज्ज्ञालाही ते मान्य व्हावे.

प्रत्यक्ष चिकित्सेचा वारसा सुश्रुताकडून आला. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात सांधा निखळण्याचे सहा आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार दिलेले आहेत, तसेच वृक्षांच्या सालींचे व बांबूचे तुकडे बांधून अस्थी स्थिर ठेवण्याची रीतही अन्यत्र वर्णिलेली आहे. खेड्यापाड्यांतील हाडवैद्य हाच वारसा, ग्रंथ न वाचता, पिढ्यान्‌पिढ्या चालवीत आले. बोटांनी चाचपणे, दोन्ही बाजूंची तुलना करणे, मोडलेल्या टोकांचा करकर आवाज ऐकणे, एवढीच त्यांची साधने. त्यांच्यापैकी कित्येकांचा हात विलक्षण कुशल असे. परंतु त्वचेखाली काय झाले आहे, ते शेवटी अनुमानानेच ठरवावे लागे आणि अनुमान चुकले, कामट्या घट्ट आवळल्या गेल्या, म्हणजे रक्तपुरवठा थांबून हात किंवा पाय गमावण्याची वेळ येई. जिवंत मनुष्याचे हाड न कापता डोळ्यांनी पाहणे जगात कोठेही शक्य नव्हते.

ते शक्य झाले ८ नोव्हेंबर १८९५ रोजी. जर्मनीतील व्युर्झबर्ग विद्यापीठात विल्हेल्म रॉन्टगेन हे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक निर्वात नळीतून विद्युत्प्रवाह सोडण्याचे प्रयोग करीत होते. नळी काळ्या पुठ्ठ्याने पूर्ण झाकलेली असतानाही काही अंतरावरील रासायनिक लेप दिलेला पडदा चमकू लागला. हे किरण कसले, हे ठाऊक नसल्यामुळे त्यांनी त्यांना 'एक्स' असे नाव दिले. आपल्याकडे बीजगणितात अज्ञात राशीला 'क्ष' म्हणतात, म्हणून मराठीत ते क्ष-किरण झाले. हे भाषांतर मूळ नावाइतकेच नेमके साधले आहे. २२ डिसेंबरला रॉन्टगेन यांनी पत्नी आना बेर्टा यांचा हात फोटोच्या काचेवर ठेवून सुमारे १५ मिनिटे किरण सोडले. बोटांची हाडे आणि त्यांवर तरंगणारी अंगठी असे ते चित्र उमटले. मानवी अस्थिचित्रणाचा आरंभ असा हाताच्या पंजापासून झाला. पहिला निबंध २८ डिसेंबर १८९५ रोजी सादर झाला आणि काही आठवड्यांतच युरोप-अमेरिकेतील डॉक्टर मोडलेली हाडे व शरीरात रुतलेल्या गोळ्या या किरणांनी शोधू लागले. रॉन्टगेन यांना १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिलेच नोबेल पारितोषिक मिळाले. त्याची रक्कम त्यांनी विद्यापीठाला दिली आणि शोधाचे पेटंट घेतले नाही. अपरिग्रह हा शब्दही ज्यांनी ऐकला नसेल, अशांच्या आचरणातही तो क्वचित असा दिसतो.

या चित्राचे तत्त्व साधे आहे. हाडात कॅल्शियम असते. मांस, चरबी, त्वचा यांतून किरण सहज पार होतात. कॅल्शियम मात्र ते मोठ्या प्रमाणात शोषून घेते. म्हणून फिल्मवर हाडाची पांढरी सावली पडते. सावलीतील काळी रेघ म्हणजे भंग. दोन हाडांमधली काळी फट म्हणजे सांध्यातील कूर्चेची जागा. ती फट अरुंद होत गेली की सांधा झिजला असे समजावे. परंतु सावली ही सावलीच असते. हाडातील ३० ते ५० टक्के खनिज नष्ट होईपर्यंत साध्या एक्स-रेमध्ये ते ठळकपणे दिसत नाही. मणक्याचा क्षयरोग पूर्वी कुबड येईपर्यंत ओळखला जात नसे, त्याचे हे एक कारण.

आरंभीच्या काळात या किरणांचा दाहकपणा कोणाच्या ध्यानी आला नव्हता. एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली यांचे हात सतत किरणांखाली राहून जळाले, पुढे कर्करोग झाला आणि १९०४ साली त्यांचा मृत्यू झाला. क्ष-किरणांच्या कामात प्राण गमावलेल्या डॉक्टर-तंत्रज्ञांचे स्मारक १९३६ साली हॅम्बुर्गमध्ये उभारले गेले. आज शिशाचा कोट घातलेला तंत्रज्ञ बटण दाबण्यापूर्वी आडोशाला जातो, त्यामागे ही किंमत आहे. रुग्णाने मात्र धास्ती बाळगण्याचे कारण नाही. हाताच्या एका एक्स-रेत मिळणारा किरणोत्सर्ग सुमारे ०.००१ मिलिसिव्हर्ट असतो. निसर्गातून प्रत्येकाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतो.

भारतात ही विद्या फार लवकर आली. वायव्य सरहद्दीवरील १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत सर्जन-मेजर वॉल्टर बीव्हर यांनी युद्धभूमीजवळ क्ष-किरण यंत्र नेऊन जखमींच्या शरीरातील गोळ्या शोधल्या. त्याच सुमारास कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांनी स्वतः यंत्र जुळवून डॉ. नीलरतन सरकार यांच्यासाठी रुग्णांची चित्रे काढली.

आपला हदगाव भाग त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. पैनगंगेपलीकडे वऱ्हाड, म्हणजे इंग्रजी अंमल, आणि अलीकडे हैदराबाद संस्थान. हद्द गावाच्या जवळच होती. मोठा दवाखाना म्हणजे हैदराबादच. १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरात अफजलगंजचे रुग्णालय नष्ट झाल्यावर व्हिन्सेंट एश यांच्या आराखड्यानुसार उस्मानिया रुग्णालयाची भव्य इमारत उभी राहिली व १९२५ च्या सुमारास ते सुरू झाले. मनमाड-सिकंदराबाद या गोदावरी खोऱ्यातील मीटरगेज लोहमार्गामुळे नांदेडहून तिकडे जाता येत असे. मात्र हदगावहून नांदेड गाठणे हाच आधी एक प्रवास होता. त्यामुळे मोडलेले हाड हाडवैद्याकडेच नेले जाई, यात नवल नाही. १९४८ साली संस्थान मुक्त झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि त्याच वर्षी औरंगाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. अंबाजोगाईचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७० च्या दशकात आणि नांदेडचे १९८८ साली सुरू झाले. क्ष-किरण विभागाचे खरे जाळे आपल्या भागात या संस्थांमुळे पसरले.

या मधल्या काळात जगातील अस्थिचित्रण फार पुढे गेले होते. १९७१ साली गोपाल सुब्रमण्यन या भारतीय वंशाच्या रसायनशास्त्रज्ञाने जॉन मॅकाफी यांच्यासह टेक्नेशियमयुक्त फॉस्फेट संयुगाने संपूर्ण सांगाड्याचे चित्र घेण्याची पद्धत मांडली. आज ज्याला बोन स्कॅन म्हणतात, तो यातून आला. कर्करोग हाडांत उतरला आहे काय, हे त्यातून एक्स-रेच्या कितीतरी आधी कळते. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला लंडनमध्ये गॉडफ्रे हाऊन्सफील्ड यांच्या सी.टी. यंत्रावर पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. त्यानंतर एम.आर.आय. आले. त्यात क्ष-किरण नसतात; प्रबळ चुंबक व रेडिओ लहरी असतात आणि एक्स-रेत न दिसणाऱ्या कूर्चा, अस्थिबंध, मणक्यांमधील चकती व मज्जारज्जू हे सर्व दिसते. भारतातील पहिले एम.आर.आय. यंत्र १९८६ साली दिल्लीच्या 'इन्मास' या संरक्षण संशोधन संस्थेत बसले. पुण्यात १९६५ साली अस्थिरुग्णालय काढणारे आणि भारतीय गुडघ्याच्या मापाचा कृत्रिम सांधा विकसित करणारे डॉ. कांतीलाल संचेती आपल्या समाजाला परिचित आहेतच. सांधा बदलण्याची ही शस्त्रक्रिया आधीच्या व नंतरच्या एक्स-रेवर मापे घेतल्याशिवाय होत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. वाचलेल्यांत हातपाय, कंबर व मणका मोडलेल्यांची संख्या मोठी होती आणि लातूर-सोलापूरच्या रुग्णालयांवर त्यांचा भार पडला. अशा वेळी यंत्राची किंमत किती आहे यापेक्षा ते रुग्णापासून किती अंतरावर आहे, हे महत्त्वाचे ठरते.

एक लहानसे विषयांतर येथे क्षम्य ठरावे. आपल्या भागातील जुन्या शाळांच्या दाखल्यांत निम्म्या वर्गाची जन्मतारीख १ जून असे. गुरुजींनीच ती घातलेली असे. पुढे न्यायालयात वयाचा वाद उपस्थित झाला की मनगट, कोपर, खांदा, कंबर यांचे एक्स-रे काढून हाडांची टोके जुळली आहेत काय, ते पाहतात. तरीही हे वय केवळ अंदाजाचे असते. दोन्ही बाजूंस दोन वर्षांपर्यंत फरक पडू शकतो, हे न्यायालयांनी मान्य केले आहे. जन्मनोंद वेळेवर करणे हे कितीतरी स्वस्त आहे.

परंतु आपल्या मराठवाड्यासाठी अस्थिचित्रणाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण अपघातांचे नाही, यंत्रांचेही नाही. ते पाण्याचे आहे.

मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्याच्या काही गावांत बैल लंगडू लागले, नांगराला जुंपता येईनात, असे शेतकऱ्यांना प्रथम जाणवले, अशी हकिगत सांगतात. मग माणसांचेही सांधे ताठ झालेले दिसले. १९३७ साली शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगाचे कारण पाण्यातील फ्लोराइड हे असल्याचे प्रसिद्ध केले. भारतातील अस्थिगत फ्लोरोसिसची ही पहिली शास्त्रीय नोंद. त्यानंतर १९५५ साली हैदराबादच्या डॉ. ए. एच. सिद्दीकी यांनी नलगोंडा जिल्ह्यातील फ्लोरोसिसवरील निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला. त्या वेळी नलगोंडा आणि नांदेड एकाच राज्याचे जिल्हे होते. पुढच्याच वर्षी सीमा बदलल्या आणि नलगोंड्याचे नाव आपल्याकडे परक्या मुलखाचे नाव होऊन बसले. खडकांनी मात्र राज्यपुनर्रचनेची दखल घेतली नाही.

फ्लोराइड हाडात काय करते, ते फिल्मवर पाहिले की समजते. शरीरात राहिलेल्या फ्लोराइडपैकी सुमारे ९९ टक्के हाडांत व दातांत साठते. वर्षानुवर्षे ते साठत गेले म्हणजे हाड अधिकाधिक दाट, पण ओबडधोबड होते. निरोगी मणक्यात आतल्या जाळीची नक्षी दिसते. फ्लोरोसिसच्या मणक्यात ती पुसली जाऊन सगळा मणका खडूसारखा पांढरा दिसतो. मणके जोडणारे अस्थिबंध, जे एरवी एक्स-रेत दिसतच नाहीत, ते कॅल्शियम साचून दिसू लागतात. पाठीचा कणा एकसंध काठीसारखा होतो. माणसाला मान वळवता येत नाही, खाली बसता येत नाही, आणि मज्जारज्जूवर दाब आला तर पाय लुळे पडतात. मनगट ते कोपर या भागात दोन हाडांमध्ये एक पातळ पडदा ताणलेला असतो. त्या पडद्याच्या कडेला हाडाचे काटे उगवलेले दिसणे, ही या रोगाची ओळखीची खूण. कमरेचा एक्स-रे पाहून संधिवात की फ्लोरोसिस, असा घोळ होऊ शकतो. हातावरील ही खूण तो पुष्कळसा मिटवते. म्हणजे ज्या हातापासून रॉन्टगेन यांनी सुरुवात केली, जवळजवळ त्याच जागेचा हा सर्वांत स्वस्त एक्स-रे येथे उपयोगी पडतो.

१९७३ साली हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील कृष्णमाचारी व कृष्णस्वामी यांनी नलगोंड्यातील किशोरवयीन मुलांत आणखी एक प्रकार नोंदवला : गुडघे आत वळून एकमेकांना घासतात आणि पावले दूर फाकतात. त्यांच्या एक्स-रेत मणका दाट, तर हातापायांची हाडे विरळ, असे दुहेरी चित्र होते. ही माणसे मुख्यतः ज्वारी खाणारी होती, म्हणून त्या संस्थेतील देवस्थळे आदी संशोधकांनी ज्वारीतील मॉलिब्डेनम आणि तांबे यांचाही शोध घेतला. ज्वारी हे आपलेही मुख्य अन्न आहे, त्यामुळे हे वाचून भाकरीवर संशय घेण्याचा मोह होईल. तसे करू नये. मूळ दोष पाण्यातच होता. अन्नाने त्यात भर घातली एवढेच.

नांदेड जिल्ह्यात हा प्रश्न कसा आला, हे समजून घेण्यासाठी १९७२ च्या दुष्काळाकडे जावे लागते. आड-विहिरी आटल्या आणि खोल कूपनलिका खणल्या जाऊ लागल्या. तुटके हातपंप ही तेव्हाची मोठी अडचण होती. त्यावरचा उपाय मराठवाड्यातच, जालन्याच्या मिशनमध्ये तयार झालेल्या पंपापासून सुरू झाला, पुढे सोलापूरचा पंप आला आणि त्याच धर्तीवर युनिसेफच्या साहाय्याने 'इंडिया मार्क टू' हा हातपंप देशभर गेला. या पंपाने असंख्य बालके अतिसारापासून वाचवली, याविषयी शंका नाही. पण खोल खडकातले पाणी हे उघड्या विहिरीच्या पाण्यासारखे नसते. हदगाव परिसरात काळा पाषाण आहे. किनवटकडे सरकावे तसे ग्रॅनाइटसारखे जुने खडक वर येतात आणि तेथील भूजलात अनेक ठिकाणी फ्लोराइड मर्यादेपेक्षा अधिक आढळले आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे. हे पाणी दिसायला स्वच्छ, चवीला चांगले असते. त्यामुळे संशय येत नाही.

येथे आपल्या समाजाने विशेष लक्ष द्यावे, असे वाटते. पाणी गाळून पिण्याचा आणि उकळून पिण्याचा आपला आचार आहे आणि त्याने अनेक रोग दूर राहतात. गळण्याने जीवजंतू अडतात, उकळण्याने रोगाणू मरतात. फ्लोराइड मात्र पाण्यात मिठासारखे विरघळलेले असते. ते वस्त्रातून पार होते, आणि उकळल्याने पाणी वाफेने घटते, फ्लोराइड तेवढेच राहते; म्हणजे त्याची तीव्रता किंचित वाढतेच. ज्या गावात पाणी सदोष आहे तेथे तीन पदरी गळणे आणि प्रासुक पाणी यांच्या भरवशावर निश्चिंत राहता येणार नाही. याउलट राजस्थान-गुजरातेतील जुन्या जैन घरांत अंगणाखाली पावसाचे पाणी साठवणारे जे टाके असे, त्या पाण्याचा खडकाशी संबंध येत नसल्यामुळे त्यात फ्लोराइडचे भय जवळजवळ नसते. पूर्वजांनी ते वेगळ्या कारणासाठी बांधले असेल. उपयोग या कारणासाठीही होतो.

फ्लोराइड काढण्याची देशी पद्धत नागपूरच्या 'नीरी' संस्थेने विकसित केली; रोग जेथे गाजला त्या जिल्ह्यावरून तिला नलगोंडा तंत्र असे नाव पडले. पाण्यात चुना व तुरटी ठरावीक प्रमाणात मिसळून ढवळायचे, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचे पाणी गाळून घ्यायचे. घरच्या बादलीतही ते करता येते. पण रोज मोजून तुरटी घालणे, गाळाची विल्हेवाट लावणे हे जिकिरीचे असते आणि पहिला उत्साह ओसरला की अनेक ठिकाणी ते बंद पडते. म्हणून दुरून नदी-धरणाचे पाणी आणणे किंवा पावसाचे साठवणे हाच टिकाऊ मार्ग, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

एकदा मणका दगडासारखा झाला की औषधाने तो मोकळा होत नाही. आठव्या वर्षापर्यंत दातांवर उमटलेले पिवळे-तपकिरी पट्टेही जात नाहीत. पाणी बदलल्यास वेदना कमी होतात आणि रोग पुढे वाढण्याचे थांबते, विशेषतः तरुण वयात. त्यामुळे वेळ महत्त्वाची. आपल्या संस्था आरोग्य शिबिरे भरवतात, डोळे व रक्तदाब तपासतात. ज्या गावी कूपनलिकेचे पाणी वर्षानुवर्षे प्यायले जाते, तेथे शिबिरापूर्वी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेतून पाण्याचा अहवाल मागवावा, शाळेतल्या मुलांचे दात पाहावेत, आणि पाठ ताठ झाल्याची तक्रार करणाऱ्या चाळिशीच्या पुढील माणसाला वेदनाशामक गोळी देऊन परत पाठवण्याआधी त्याच्या मनगट ते कोपर या भागाचा एक एक्स-रे काढावा. तो अहवाल आणि ती फिल्म शेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवावी.